वाडी आणि कूळ : जंतांच्या यादीपाशी बसून

हे घाईने वाचायचं लिखाण नाही. एक परिच्छेद वाचावा, अंक मांडीवर पालथा घालावा, थोडं बाहेर बघावं, मग पुढचा घ्यावा. विषय जंतांचा आहे. जंत म्हणजे इथे गोल अंगाचे, आपले शेतीशास्त्रज्ञ ज्यांना सूत्रकृमी म्हणतात ते, आणि त्यांतही दुसऱ्याच्या अंगात बिऱ्हाड करणारे. कोण कुणातला, कुणाला कुणाशेजारी बसवायचं, एवढाच प्रश्न आज फिरवून फिरवून बघायचा आहे.

दिवस श्रावणातले धरू या आणि गाव रत्नागिरी. पावसाचा जोर जरा उतरला आहे, जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ आहे, घरामागे आगर आहे. माड, पोफळी, खाली केळी आणि अळू, आणि त्यांच्या सावलीत चार महिने न सुकणारी माती. रत्नागिरीत नसाल तरी ही माती डोळ्यांपुढे आणा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खाली जांभा, पाणी झिरपू देणारा. म्हणून ही माती ओली राहते, पण तुंबत नाही. उबदार, ओलसर, सावलीतली, हवा खेळती असलेली.

तिची एक मूठ मनातल्या मनात उचला. या मुठीत हजारो सूत्रकृमी आहेत. बहुतेकांची लांबी मिलिमीटरभरही नाही, अंग पारदर्शक, डोळ्यांना काही दिसणार नाही. जगभरच्या मातीचे नमुने तपासून २०१९ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार जमिनीवरच्या दर पाच प्राण्यांपैकी चार सूत्रकृमी आहेत. प्राणी म्हटलं की आपल्याला गाय आठवते, वाघ आठवतो. खरं तर ती अपवादाची उदाहरणं आहेत.

मुठीतले बहुतेक कुणाच्या वाटेला जात नाहीत. ते जिवाणू खातात, बुरशी खातात, काही तर एकमेकांनाच खातात. थोडे झाडांच्या मुळांत शिरतात आणि थोडे प्राण्यांच्या अंगात. आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत ते हे शेवटचे, कारण ओळख त्यांनीच येऊन करून घेतली.

आता किळस येईल. येऊ द्या. तिने माणसाला विष्ठेपासून आणि सडक्या मांसापासून लांब ठेवलं, तिचे उपकार आहेत. फक्त तिला बारकावा कळत नाही, वळवळणारं सगळं तिच्या लेखी एकच. तिला हाकलायचं नाही, शेजारी बसवून ठेवायचं. आणि तरी एकेकाकडे वेगळं बघायचं.

पहिली अंकुशकृमीची अळी घेऊ. अर्धा-पाऊण मिलिमीटर लांब. अंड्यातून निघून मातीतले जिवाणू खात, दोन अवस्था ओलांडून ती तिसऱ्या अवस्थेत आलेली आहे. आता तिचं खाणं बंद. अंगातल्या साठ्यावर काही आठवडे निघतील तेवढे. ती ओल्या कणावर किंवा गवताच्या पात्यावर चढते, पुढचं अंग उचलते आणि थांबते. ऊब, ओल, कातडीचा स्पर्श, यांतलं काही जवळ आलं की ती हलते. अनवाणी पाऊल टेकलं तर बोटांच्या बेचक्यातून आत, मग रक्तातून हृदय, फुप्फुस, तिथून घशात, घशातून गिळली जाऊन लहान आतड्यात. पाऊल आलंच नाही तर साठा संपतो आणि ती मरते. बहुतेकींच्या नशिबी पाऊल येत नाही.

या थांबण्याकडे थोडा वेळ बघा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

कैरोत आर्थर लूस नावाच्या जर्मन संशोधकाच्या हातावर अशा अळ्यांचं पाणी चुकून सांडलं. हात खाजला, लाल झाला, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत अंकुशकृमीची अंडी सापडली. १८९८ साली त्याने हे छापलं. तोवर सगळे धरून चालले होते की हा जंत तोंडावाटेच आत जातो. आपल्याकडे लावणीच्या चिखलाकडे बोट दाखवायची सवय आहे, पण तुंबलेल्या पाण्यात या अळीला हवा पुरत नाही. तिची खरी जागा आगर, परसू, गडग्याच्या आडोशाची झाडी. म्हणजे नेमकी तीच, जिथे एके काळी माणसं पहाटे अनवाणी जाऊन बसत.

अंकुशकृमी शत्रू आहे हे विसरून चालणार नाही. माणसात राहणाऱ्या दोन मुख्य जातींपैकी अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल या जातीचा एक कृमी दिवसाला दीड-दोन दशांश मिलिलिटर रक्त घालवतो. दुसरी जात नेकेटर अमेरिकॅनस, ती त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं. आकडा किरकोळ वाटतो. त्याला शंभराने गुणा, रोजच्या रोज गुणा, आणि ज्या बाईच्या अंगात लोह आधीच कमी आहे तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

कोकणात अनोळखी माणूस आला की दोन प्रश्न होतात. पहिला लगेच, कुठच्या वाडीतले? दुसरा चहा आल्यावर, कुणातले? वाडी सांगते माणूस कुठे राहतो, कूळ सांगतं तो कुठून आला. एका वाडीत निरनिराळ्या कुळांची घरं असतात, आणि एका कुळाची माणसं भाट्यापासून भांडुपपर्यंत पसरलेली असतात. जंतांच्या वर्गीकरणाचा इतिहास बघितला तर तो पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे सरकत गेलेला दिसतो.

पहिला प्रश्न चरकाने फार नीट विचारला. त्याच्या संहितेतल्या विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार आहेत आणि त्यांचे चार गट आहेत. बाहेरच्या मळातले दोन, रक्तातले सहा, कफातले सात, पुरीषातले म्हणजे विष्ठेतले पाच. गट राहण्याच्या आणि उपजण्याच्या जागेवरून पाडलेले आहेत. कफातले सात हळू आवाजात, एकेक थांबून म्हणून बघा: अंत्राद, उदराद, हृदयचर, चुरू, दर्भपुष्प, सौगंधिक, महागुद. आता पुरीषातले पाच: ककेरुक, मकेरुक, लेलिह, सशूलक, सौसुराद. यांतला कोणता म्हणजे आजचा कोणता जंत, हे जुळवायचा खटाटोप पुष्कळांनी केला आहे. मला तो फुकट गेलेला वाटतो. ती यादी वैद्याच्या कामाची आहे, कुठे शोधायचा आणि कशाने काढायचा यासाठी केलेली. तिच्याकडून वंशावळ मागणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तरी एका जागी चरकाची नजर जागेवरून अंगाकडे वळते. कफातल्या कृमींचं रूप सांगताना तो म्हणतो की काही पांढरे, रुंद आणि पट्ट्यासारखे असतात. काही गोल घेराचे, गांडुळाच्या आकाराचे, पांढरे किंवा तांबूस झाक असलेले. आणि काही बारीक, लांब, तंतूसारखे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे थांबावंसं वाटेल. पहिले चपटे पट्टकृमी आणि दुसरे गोल जंत यांच्यामधली भेग आजही प्राणिसृष्टीतल्या मोठ्या भेगांपैकी एक आहे, आणि ती इथे साध्या डोळ्यांनी दिसलेली आहे.

या अध्यायातल्या दोन गोष्टी बाजूला काढून ठेवा. एक उपचाराची. आधी कृमी ओढून काढा, मग त्याला मानवणारी अंगातली स्थिती मोडा, आणि मग ज्याने तो झाला ते कारणच टाळा. तिन्ही पायऱ्या, याच क्रमाने. (कृमी घालवणाऱ्या द्रव्यांत वावडिंग श्रेष्ठ, हे चरकानेच दुसऱ्या एका यादीत म्हटलं आहे. सह्याद्रीच्या रानात ती वेल आहे आणि घरोघरच्या डब्यांत तिचे दाणे.) दुसरी गोष्ट एका वाक्यांशाएवढीच. हे वीस मोजले ते सहज कृमी सोडून, असं तो म्हणतो. म्हणजे शरीराबरोबरच आलेले, त्रास न देणारेही काही असतात हे त्याने धरलं होतं, आणि रोगाच्या यादीत त्यांना ओढलं नव्हतं.

पुढे सरळ १७५८ सालावर येऊ. लिनियसने प्राण्यांची मोठी यादी छापली आणि तीत कृमी नावाचा वर्ग केला. खरं सांगायचं तर जे कुठे बसेना ते सगळं त्याने तिथे कोंबलं. गोगलगायी, पोवळी, तारामासे, जळवा, गांडुळं, लाकूड पोखरणारे शिंपले, इतकंच काय, हॅगफिश नावाचा मासोळीसारखा प्राणीही. आतड्यातल्या मोठ्या जंताला त्याने दिलेलं अॅस्कॅरिस लुंब्रिकॉइडिस हे नाव अजून चालू आहे. गांडुळाचं साम्य त्यालाही सुचलं होतं. नारूला त्याने घोड्याच्या केसासारख्या दिसणाऱ्या पाण्यातल्या एका कृमीच्या घरात बसवलं. आणि याच वर्गात त्याने एक असा कृमी घातला जो अस्तित्वातच नव्हता. तरुणपणी लुंड गावाजवळ आपल्याला तो डसला अशी त्याची खात्री होती. एवढा मोठा माणूस, पण जिथे नीट बघितलं गेलं नाही तिथे यादीत भूतही शिरतं.

कार्ल रुडॉल्फी या जर्मन प्राध्यापकाने १८०८ पासून आतड्यातल्या कृमींवर ग्रंथ काढले आणि गोल अंगाच्यांना वेगळं घर दिलं. पट्ट्यासारखे वेगळे, पानासारखे वेगळे. पण हे कृमी शरीरातच आपोआप उपजतात, असं त्यालाही वाटे.

आता जरा अंगाकडेच बघू, नावं बाजूला ठेवून. डोळे मिटायचे असतील तर मिटा. एक नळी, तिच्या आत दुसरी नळी. बाहेरची म्हणजे कातडी, वर गुळगुळीत चिवट आवरण. आतली म्हणजे आतडं. मध्ये दाबाने भरलेलं द्रव, त्याच दाबावर सगळं अंग ताठ. पाय नाहीत, वलयं नाहीत. स्नायू आहेत, पण फक्त लांबीच्या दिशेने. अंग आवळून बारीक करणारे आडवे स्नायू गांडुळाला असतात, याला नाहीत, म्हणून हा गांडुळासारखा आखडत-पसरत चालत नाही, नागमोडी हेलकावतो. आणि एक विलक्षण गोष्ट. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूपर्यंत येऊन त्याला हलवतो. यांच्यात उलट आहे. स्नायूची पेशीच आपला हात लांब करून मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथून निरोप घेते. आगरातल्या मातीत जिवाणू खाणाऱ्या निरुपद्रवी सूत्रकृमीत हे असंच आहे, आणि मुलाच्या पोटातल्या फूटभर जंतातही.

इथेच अभ्यासकांची पंचाईत झाली. देवमाशाच्या वारेत राहणारा, आठ मीटरपर्यंत वाढणारा सूत्रकृमी आहे आणि अर्धा मिलिमीटरचाही आहे, पण बांधणी सगळ्यांची एकच. मग कूळ कशावरून ओळखायचं? (जंतांचा विज्ञानाला एक फायदाही झाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बीजपेशीत गुणसूत्रं निम्मी होतात, आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी येतात, हे १८८३ मध्ये एदुआर व्हान बेनेदेनने ओळखलं ते घोड्याच्या पोटातल्या जंताची अंडी बघून. त्या जंताची गुणसूत्रं मोजकी आणि मोठी असतात. आनुवंशिकतेच्या धड्यातली ती सुबक आकृती मूळची घोड्याच्या लिदीतली आहे.)

अमेरिकेत बेंजामिन आणि मे बेल चिटवुड या दांपत्याने १९३० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली आयुष्य घालवून एक खूण धरली. काही सूत्रकृमींच्या शेपटीजवळ दोन बाजूंना दोन अतिसूक्ष्म संवेदी छिद्रं असतात, काहींत नसतात. ती असणाऱ्यांचा एक वर्ग, नसणाऱ्यांचा दुसरा. अंकुशकृमी, मोठा जंत, हत्तीरोगाचा कृमी पहिल्यात गेले. चाबकासारखा, पुढचं अंग केसाइतकं बारीक असलेला आणि तेवढं अंग मोठ्या आतड्याच्या अस्तरात खुपसून बसणारा ट्रिक्युरिस दुसऱ्यात. पुढची साठ वर्षं ही वाटणी पुस्तकांत चालली.

या वाटणीपाशी थोडं बसण्यासारखं आहे. ज्यांच्याकडे एखादी विशेष गोष्ट आहे ते एका घरचे असू शकतात. पण ज्यांच्याकडे ती नाही ते केवळ नाही म्हणून एका घरचे कसे होतील? दागिना एका कुळाचा असेल. तो नसणारी सगळी माणसं मिळून एक कूळ होत नाही. चिटवुडांचा दुसरा वर्ग नेमका इथे फुटला.

तो फोडला रेणूंनी. मार्च १९९८ मध्ये मार्क ब्लॅक्स्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक वंशवृक्ष छापला. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग प्रत्येक सजीवात असतो आणि त्याचं जनुक फार सावकाश बदलतं. ५३ सूत्रकृमींचं ते जनुक अक्षराला अक्षर लावून त्यांनी ताडून बघितलं. पाच मोठ्या शाखा निघाल्या, आणि पाचही शाखांत परजीवी होते. शेजारी मातीत मुकाट राहणारेही होते.

आता सगळ्यात सावकाश करायचा भाग. एका मुलाचं आतडं मनात आणा. ती वाडी. तिच्यात तीन जण राहतात, मोठा जंत, अंकुशकृमी आणि चाबकासारखा ट्रिक्युरिस. सरकारी फलकावर तिघांची चित्रं एका ओळीत असतात, औषध एक, घाणीची वाट एक. सख्खे भाऊ वाटावेत. आता कूळ विचारा. ट्रिक्युरिस पहिल्या शाखेतला, बाकी दोघांपासून फार जुन्या काळी फुटून गेलेला. मोठा जंत तिसऱ्या शाखेतला. अंकुशकृमी पाचव्या. शेजारी आहेत, नातेवाईक नाहीत.

हे मनात स्थिर झालं की उलट बाजूने या. तिसऱ्या शाखेतले कोण कोण? मोठा जंत आहेच, राहणार आतड्यात. नारू आहे, पायाच्या कातडीखाली हातभर, बाहेर यायला लागला की काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढायचा. पायऱ्यांच्या विहिरीतल्या सूक्ष्म कवचधारी जीवांमधून तो पोटात जाई. महाराष्ट्रही नारूच्या राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. हत्तीरोगाचा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी आहे, राहणार लसीकावाहिन्यांत. त्याची पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात, डास चावायच्या वेळी, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याला घरोघर जाऊन बोटातलं रक्त घ्यायचं ते रात्री. लहान मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे पांढरे बारीक जंत आहेत. आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरलेला बांगडा कापताना पोटात कधी कधी गुंडाळी करून बसलेली जी अळी दिसते, तिच्या कुळातले तर मोठ्या जंताचे चांगलेच जवळचे. त्यांच्यातल्या अॅनिसॅकिसचं शेवटचं घर देवमासे आणि डॉल्फिन. नीट शिजवलेल्या माशातून ती अळी काही करू शकत नाही. बाईसाहेबांनी ती काढून टाकून तिखला केला तरी चालतं, हे रत्नागिरीकरांना कुणी सांगायला नको.

एक वाडी, तीन कुळं. एक कूळ, पाच वाड्या. दोन्ही चित्रं एकामागून एक मनात आणा, घाई न करता. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मन अडखळतं, कारण आपल्याला सवय रोगाच्या नावाने बघायची आहे.

(कोकणच्या माशांतल्या कृमींवर काम झालंय, तेही मराठवाड्यातून येऊन. तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या पाकटांतून पट्टकृमींच्या कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. ते चपटे, आजच्या बैठकीत त्यांना पाट नाही.)

अंकुशकृमीकडे परत येऊ, कारण खरं नवल पाचव्या शाखेत आहे. तिथे त्याच्या जवळचा एक नातेवाईक आहे जो कुणालाही त्रास देत नाही, सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. मिलिमीटरभर लांब, कुजक्या फळांवरचे जिवाणू खाणारा. सिडनी ब्रेनरने १९६० च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणलं, त्याच्या शरीरातल्या ९५९ पेशी आणि ३०२ मज्जापेशी एकेक करून मोजल्या गेल्या, १९९८ च्या डिसेंबरात त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला, आणि २००२ साली ब्रेनरसह तिघांना नोबेल मिळालं. अंकुशकृमी मोठ्या जंतापेक्षा या साध्या जिवाच्या जास्त जवळचा आहे.

या साध्या जिवाचं एक वागणं बघा. गर्दी झाली, खाणं संपत आलं, की त्याची अळी तिसऱ्या टप्प्यावर वेगळं रूप घेते. तोंड बंद करते, आवरण जाड करते, न खाता महिनोन् महिने राहते. कणावर चढते, अंग उचलून हलवते, आणि जवळून जाणाऱ्या गोगलगायीला किंवा लाकडाखालच्या किड्याला चिकटून नव्या खाण्याच्या जागी पोचते. तिला परजीवी म्हणत नाहीत, फुकट प्रवासी म्हणता येईल फार तर. पण गवताच्या पात्यावर पावलाची वाट बघणारी अंकुशकृमीची अळी आठवा. तीच तिसरी अवस्था, तेच बंद तोंड, तीच उचललेली मान. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या अंगात शिरायची तयारी इथूनच झाली. दुष्काळ काढायला शिकलेल्या जिवाला आतड्यातला काळोख आणि पाचकरस सोसायला थोडंच अधिक शिकावं लागलं.

१९९८ च्या त्या अभ्यासात हिशेब असा निघाला की प्राण्यांच्या अंगात शिरणं निदान चार वेळा वेगवेगळं घडलं, वनस्पतींत शिरणं तीन वेळा. नंतरच्या मोजण्यांत हे आकडे वाढतच गेले. म्हणजे परजीवी हे कुळाचं नाव नाही, धंद्याचं आहे. तो धंदा निरनिराळ्या घरांनी निरनिराळ्या काळी उचलला, आणि प्रत्येक घरात तो न उचललेले चुलतभाऊ मागे आहेत.

चौथ्या शाखेत हे आणखी गमतीचं होतं. परसातलं वांगं किंवा टोमॅटो उपटल्यावर मुळांवर गाठी दिसतात, त्या आणणारा मेलॉयडोगायनी इथला. हुमणीच्या अळीत शिरून, आपल्याबरोबर आणलेले जिवाणू तिच्या रक्तात सोडून दोन दिवसांत तिला मारणारा स्टायनरनेमाही इथला. त्याला शेतकरी विकत आणून मातीत सोडतात. आणि माणसाच्या आतड्यात राहणारा स्ट्राँगिलॉइडिस इथलाच. त्याच्या काही अळ्या पुन्हा कातडीतून माणसात शिरतात. काही मातीतच राहून नर-मादी होतात, जिवाणू खातात, संसार करतात, आणि त्यांची पोरं मग पाऊल शोधतात. एकच जीव, एक पिढी आतली आणि एक बाहेरची. त्याला परजीवींच्या रकान्यात लिहावं की मोकळ्यांच्या? लिहायचा हात तसाच वर धरून थोडा वेळ थांबा.

२००० नंतरच्या दशकात पॉल डे ले आणि ब्लॅक्स्टर यांनी जी नवी मांडणी केली, तीत अंकुशकृमी, मोठा जंत, हत्तीरोगाचा कृमी, मुळांवर गाठी आणणारा आणि निरुपद्रवी एलेगन्स हे सगळे एकाच गणात आले. पूर्वी प्रत्येकाला स्वतंत्र गण होता. विद्यार्थ्यांनी घोकलेल्या गणांच्या नावांचं त्यामुळे वाईट झालं, पण तसंही घोकंपट्टीतून जंत कुणाला कळत नव्हता. आणि सगळ्या सूत्रकृमींचं मिळून कूळ? १९९७ मध्ये पुढे आलेल्या आणि आता बहुतेकांनी मान्य केलेल्या मतानुसार ते गांडुळाच्या बाजूला नाही, कात टाकणाऱ्यांच्या बाजूला आहे. सूत्रकृमी आयुष्यात चार वेळा कात टाकतो. कुर्ली टाकते, कोळंबी टाकते, झुरळ टाकतं. चरकाने आणि लिनियसने पाहिलेलं गांडूळ दिसायला जवळ होतं, नात्याने लांबचं.

हे सगळं दहा ऑगस्टच्या आसपास आठवावं. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, दहा फेब्रुवारी आणि दहा ऑगस्ट. रत्नागिरीतल्या शाळेत आणि अंगणवाडीत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात, चारशे मिलिग्रॅमची, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. जंताच्या पेशीत ज्या सूक्ष्म नळ्या असतात त्यांची बांधणी ती होऊ देत नाही. एकाच गोळीने मोठा जंत जवळजवळ नक्की जातो, अंकुशकृमी बहुतेकदा, ट्रिक्युरिस मात्र पुष्कळदा तसाच राहतो. वाडी एक म्हणून गोळी एक, पण उत्तर प्रत्येकाचं वेगळं. मोठ्या जंताची मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा गोळी. चरकाच्या तीन पायऱ्यांतली ही पहिली. तिसरीचं काम संडास, चपला आणि साबण करतात, आणि गेल्या काही दशकांत कोकणात त्याने फरक पडलेला आहे.

यादी मात्र अजून मिटलेली नाही. माणसातला मोठा जंत आणि डुकरातला, हे दोन की एक? योहान गोझने १७८२ साली डुकरातल्याला वेगळं नाव दिलं. दोघे दिसायला इतके सारखे की ओठांवरच्या बारीक दातऱ्यांवरून भांडावं लागलं. जनुकं तपासली तर काही गावांत दोन वेगळे गट दिसतात, काही ठिकाणी संकर झालेले सापडतात, आणि काही तज्ज्ञ दोघांना सरळ एकच जात म्हणतात. गोव्यात एके काळी घरामागचा संडास आणि डुक्कर एकमेकांना जोडलेले असत. तिथे या प्रश्नाला नुसतं पुस्तकी म्हणता आलं नसतं. दोन असतील तर मुलांना गोळी देऊन काम भागतं. एक असेल तर डुकराचाही हिशेब धरावा लागतो, आणि तो कुठल्या खात्याने धरायचा हे अजून ठरायचं आहे.